मोठ्या गाडीची रीत

जुनी मोठी गाडी घ्यावी का, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात ते गाडी घेतल्यावर. घेण्याआधी आलेला मला एकच माणूस आठवतो. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि सायकल घेतली. बाकीचे गाडी शेडपुढं आणून उभी करतात, दार उघडून धप्पकन लावून दाखवतात आणि म्हणतात, “आवाज ऐका, मिस्त्री! आताच्या गाड्यांना हाय का असा आवाज?” नाही, हे कबूल. पण दाराच्या दुरुस्तीसाठी कुणी माझ्याकडे आलेला नाही. पैसा जातो तो दिसत नाही तिथं.

भोरला एसटी स्टँडपासून जवळच माझी पत्र्याची शेड आहे. काम शिकलो खडकीला, एका लष्करी वर्कशॉपमध्ये. तिथं गाडीखाली शिरण्याआधी कामं पाटीवर लिहायची आणि झालेलं काम खोडायचं, अशी शिस्त होती. ती अंगात भिनली. आमच्या घरातून भाजीची पिशवीसुद्धा यादीशिवाय बाहेर पडत नाही. यावरून बायको मला जे बोलते ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

तर आधी यादी, मग हकिकत.

मोठी परदेशी गाडी पंधरा वर्षांची झाली की पहिलं जातं रबर. काचांभोवतीचं, पाण्याच्या नळ्यांचं, आणि जे कुणाच्या नजरेला पडत नाही ते, ब्रेकच्या आतलं. त्यामागून वायरिंग. जुन्या वायरींवर कापडी वेष्टण असायचं आणि आमच्या भाताच्या मुलखातल्या उंदरांना ते भातापेक्षा गोड लागायचं. पेट्रोलचा पंप चढावर तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी उभी राहते. मग त्यावर ओलं फडकं टाकून झाडाखाली बसायचं. आपोआप पडणारे गिअर बिघडले तर मी झाकण पुन्हा लावून मालकाला मुंबईचा रस्ता दाखवत असे. खर्चाचं म्हणाल तर साधा भाग ट्रकचा किंवा जीपचा घासून बसवता येतो. त्याहून अवघड असेल तर पुण्याला नाना पेठेत जुन्या सामानात हुडकायचा. तिथंही नसेल तर मुंबई. म्हणजे भागाची किंमत, शिवाय आणणाऱ्याचं भाडं, आणि भाग चुकीचा आला की तेच सगळं पुन्हा. गाडीची किंमत एकदाच द्यायची असते, तिच्या वयाची मात्र देतच राहावी लागते.

शंकररावांना हे सगळं मी सांगितलं, तेव्हा गाडी त्यांच्या दारात आलेली होती.

शंकरराव म्हणजे आमच्या गावचे भाताच्या गिरणीचे मालक. पांढरं धोतर, वर लाल फेटा, आवाज गिरणीतल्या इंजिनावर मात करील असा. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं काढून टाकलेली काळी अमेरिकन गाडी त्यांनी विकत आणली. माझ्या शेडमध्ये तिचं नाक आत घेतलं की शेपूट रस्त्यावर राही आणि टांगेवाले शिव्या देत. त्यांच्या मंडळी, ज्यांना सगळे काकी म्हणत, त्या गाडीला सवत म्हणायच्या. बाजारात भेटल्या की विचारायच्या, “मिस्त्री, सवत दवाखान्यातनं कवा सोडताय?”

त्या गाडीच्या काचा बटण दाबून वर-खाली व्हायच्या. एकदा तहसील कचेरीतल्या कामासाठी शंकरराव वेल्ह्याला गेले, तर मागची काच खाली गेली ती वर येईना. बाजाराचा दिवस होता. कचेरीतून परत येऊन पाहतात तो मागच्या गादीवर दोन करडं बसलेली, आणि एक म्हातारा गाडीला टेकून विडी ओढतोय.

“ही कुणाची?” शंकरराव ओरडले.

“माझी जी. लई ऊन हुतं. तुमची बैठक रिकामीच हुती,” म्हातारा म्हणाला.

दुसऱ्यांदा पुण्याहून येताना शिवऱ्याला पंप तापून गाडी बंद पडली. जवळ फडकं नव्हतं. शंकररावांनी डोक्यावरचा फेटा सोडला, हॉटेलच्या हौदात भिजवला आणि स्वतःच्या हातानं पंपाला गुंडाळला. हमरस्त्यावर उघड्या डोक्यानं उभा राहिलेला हा माणूस गाडीवर किती जीव लावून आहे, ते मला तेव्हा कळलं. म्हणून पुढचा प्रकार कंजूषपणातून झाला असं कुणी म्हटलं तर मी मान्य करत नाही.

त्यांच्या थोरल्या मुलाचं, वसंताचं, लग्न महाडला ठरलं. बैठकीत शंकररावांनी व्याह्यांना शब्द दिला, “सून आमच्या गाडीतनंच घरी नेईन.” नुसता शब्द नव्हे, चारचौघांत मांडीवर थाप मारून. व्याही कोकणातले, नम्र माणूस. ते म्हणाले, “ती यायला तयार आहे, मग बैलगाडी असली तरी काय?” हे शंकररावांना लागलं.

मलाही लग्नाचं आमंत्रण आलं. आमंत्रण द्यायला स्वतः शंकरराव आले. निघताना शेडच्या दारातून वळून म्हणाले, “पानं-बिनं घिऊन या हां, मिस्त्री.” अक्षता त्यांच्याकडच्या, नट पिळायचे पाने माझे.

बाकीचं वऱ्हाड काकींबरोबर आदल्या दिवशीच एसटीनं गेलं. लग्नाच्या सकाळी गाडीत आम्ही पाच जण होतो. पुढं ड्रायव्हर ज्ञानू, मी आणि शंकरराव. मागं नवरदेव वसंता आणि शंकररावांची थोरली बहीण सोनाआत्या. सोनाआत्यांना घरात शंकररावांसकट सगळे भीत. मुहूर्त दुपारचा होता.

भोर सोडून नीरेच्या काठाकाठानं वरंध घाटाकडे निघालो. वैशाखातली खाचरं पालापाचोळ्याचे राब भाजून काळी पडलेली. हिर्डोशीच्या अलीकडंच ज्ञानू कुरकुरायला लागला.

“आज वडत न्हाई, मिस्त्री. कुनीतरी मागनं धरून ठिवल्यावानी करतीया.”

“पंप तापला असंल,” शंकरराव म्हणाले. “फडकं टाक.”

हिर्डोशीला थांबून फडकं टाकलं. पंप मी हातानं पाहिला. तो तापलेला नव्हता. तेवढ्यात आणखी एक गोष्ट खटकली. गाडी उतारावर उभी होती, ज्ञानू हँडब्रेक ओढायला विसरला होता, तरी गाडी जागची हलली नव्हती. मी त्याला झापलं. तो म्हणाला, “पन हलली का जी?” तेच तर. एवढी वजनदार गाडी उतारावर आपण होऊन उभी राहते, हे मला काही पटेना. वर घाटात वाघजाईपाशी सगळ्याच गाड्या थांबतात, तिथं खाली वाकून बघायचं मी ठरवलं.

घाट उतरण्याआधी वाघजाईला नारळ द्यायची रीत आहे. ड्रायव्हर कुणाही जातीचा असो, तो देतो. नारळ रस्त्यावर फोडायचा, थोडं पाणी देवीपुढं आणि उरलेलं चारी चाकांवर. तिथून पुढं रस्ता असा खाली पडतो की कोकणातली गावं पायाच्या बोटांखाली दिसतात. मी बौद्ध. माझ्या वडिलांनी देव सोडले तेव्हापासून आमच्याकडे नारळ खोबऱ्यासाठीच फुटतो. म्हणून मी बाजूला उभा होतो, पण नजर चाकांवर होती.

सोनाआत्यांनी पुढच्या चाकावर पाणी ओतलं. चकचकीत कॅपच्या कडेनं ते आत गेलं आणि चर्रर्र करून आवाज आला. वाफ वर आली. तापल्या तव्यावर पाणी मारावं तशी.

आत्या मागं सरकल्या. “आगं बया! पानी घेत न्हाई आई!”

“आत्याबाई, दुसऱ्या चाकावर टाका,” मी म्हणालो.

त्यांनी टाकलं. तिथंही चर्रर्र. मागच्या चाकावरही तेच, जरा बारीक आवाजात.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. चढ चढताना ब्रेक मारावा लागत नाही, त्यामुळं चाक तापायचं काही कारण नसतं. चाकं उतारावर तापतात. आम्ही तर आत्तापर्यंत चढत आलो होतो. म्हणजे ज्ञानूनं ब्रेकवर पाय ठेवलेला नसताना ब्रेक लागलेलेच होते, चारी चाकांना, पार हिर्डोशीच्या आधीपासून. ज्ञानू म्हणत होता ते अक्षरशः खरं होतं. गाडीला कुणीतरी धरून ठेवलेलं होतं.

मी बॉनेट उघडलं. ब्रेकच्या तेलाची लहानशी टाकी असते, तिचं झाकण फिरवलं. झाकणाखालची रबरी चकती पुरीसारखी टम्म फुगून बाहेर आली. बोट बुडवून वास घेतला. ब्रेक ऑइलला स्पिरिटसारखा वास असतो. याला गिरणीतल्या इंजिनाचा वास होता.

“ज्ञानू, यात काय घातलंस?”

“म्या न्हाई, मिस्त्री. ऑइल कमी झालंय एवढंच म्या मालकांस्नी सांगितलं.”

शंकरराव पुढं झाले. त्यांचा चेहरा अभिमानानं फुललेला होता. “म्या घातलं. गेल्या आठवड्यात. दुकानातलं ते हलकं ब्रेक ऑइल कशाला? गिरणीच्या मोठ्या इंजिनाला घालतो ते घातलं. बंद डबा फोडून! त्याच्या तिप्पट भारी असतं.”

त्या ‘ऑइल’ या शब्दानं आमच्या धंद्याचं जितकं नुकसान केलंय तितकं उंदरांनी केलेलं नाही. ब्रेक ऑइल हे नावाचं ऑइल. ते रबराला सांभाळतं. इंजिन ऑइल रबर फुगवतं. फुगलेलं रबर आतलं भोक बुजवतं, आणि एकदा दाबलेला ब्रेक परत सुटत नाही. शंकररावांनी घरातलं सगळ्यात उंची तेल गाडीला पाजलं होतं आणि तेच तिच्या घशात अडकलं होतं.

मी सांगितलं, “गाडी खाली जाणार नाही.”

“का? ब्रेक लागत न्हाई का?”

“लागतोय, हाच तर घोटाळा आहे. लागतोय म्हणून चाकं तापतात. उतारावर आणखी तापतील. आतलं तेल उकळेल, त्याची वाफ होईल. वाफ पायाखाली दबते, पण चाकाला धरत नाही. मग पाय खालपर्यंत जाईल आणि ब्रेक नावाला राहील.”

“पन आता तर लागतोय न्हवं!” शंकररावांनी आत हात घालून पॅडल दाबून दाखवलं. “दगडासारखा हाय बघा!”

वसंता घड्याळ बघत होता. तो म्हणाला, “मिस्त्री, हळूहळू गेलं तर?” त्याचं लग्न होतं, त्याला मी काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर माझं कुणी ऐकलं नसतं. एका मिस्त्रीच्या बोटाच्या वासावर मुहूर्त कोण चुकवणार? शंकरराव दार उघडून बसायच्या बेतात होते.

तेवढ्यात सोनाआत्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. “शंकऱ्या, उतर खाली.”

“आक्का, मुहूर्त...”

“आईनं पानी घेतलं न्हाई. डोळ्यांनी बघितलं न्हवं? म्या बसायची न्हाई, आन् माझ्या वसंताला बसू द्यायची न्हाई. मिस्त्री, तुमी सांगा, आई कोपलीय का न्हाई?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी देवी मानत नाही. पण त्या घडीला तिचं आणि माझं म्हणणं एकच होतं, आणि तिचं वजन जास्त होतं. मी म्हणालो, “आत्याबाई, या गाडीनं जाऊ नका, एवढं नक्की.” खोटं बोललो नाही. तिचं श्रेय मात्र काढून घेतलं नाही.

थोड्या वेळानं महाडकडे जाणारी एसटी आली. तिचा ड्रायव्हरही देवीला हात जोडायला थांबला. गाडी खच्चून भरलेली, पण नवरदेव म्हटल्यावर दोघांपुरती जागा झाली. मुंडावळ्या सांभाळत वसंता पायरी चढला. कंडक्टरनं तिकिटाचा ट्रे पुढं केला. “नवरदेव, जायचं एकच देऊ का यायचं जोडीचं पण देऊ?” गाडीभर हशा पिकला. शंकरराव हसले नाहीत.

आत्या आतून ओरडल्या, “तू न्हाई येत?”

“मी आलो तर गाडी हितंच ऱ्हाईल. व्याह्यांना शब्द दिलाय.”

“पोराच्या डोक्यावर अक्षदा टाकायच्या का गाडीच्या?”

“माझ्या वाटच्या तू टाक, आक्का.”

एसटी वळणावर दिसेनाशी झाली. शंकरराव माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली आलेला. “मिस्त्री, काय बी करा. पन गाडी महाडला न्या.”

मी मनात पाटी मांडली. इथं ठेवली तर इथंच राहणार, रबरं कुठून आणायची? मागं भोरला न्यायची तरी उतारच. खाली महाडला मुंबईचा हमरस्ता, ट्रकवाल्यांची दुकानं. मिळाली तर रबरं तिथंच मिळतील. गाडी रिकामी असली, चाकं थंड करून घेतली, आणि प्रत्येक चाकामागचा एक लहान नट सोडून अडकलेलं तेल चिळकांडीनं बाहेर काढलं, की चाकं मोकळी होतात. पुढं एक-दोनदा ब्रेक दाबला की पुन्हा अडकतात. म्हणजे थोडं उतरायचं, थांबायचं, नट सोडायचा, पुन्हा उतरायचं.

“तीन अटी,” मी म्हणालो. “गाडीत मी एकटा बसणार. इंजिन एकदाही बंद होणार नाही.” हे ज्ञानूकडे बघून म्हणालो, कारण पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायची आमच्याकडच्या ड्रायव्हरांची खोड. “आणि मागच्या दोन्ही चाकांशी एकेक माणूस दगड घेऊन चालणार. मी हाक मारली की दगड चाकापुढं.”

शंकररावांनी फेटा काढून गाडीत ठेवला, धोतराचा काचा मारला आणि कठड्याजवळून एक काळा तिकोनी दगड उचलला. चांगला निवडला होता. एका बाजूनं उतरता, पाचरीसारखा. ज्ञानूनं दुसरा घेतला.

चाकं थंड झाल्यावर निघालो. सगळ्यात खालचा गिअर, माझं दार उघडं, उजवा पाय ब्रेकच्या वर अधांतरी. इंजिन कण्हत होतं आणि गाडी माणसाच्या चालीनं उतरत होती. आरशात शंकरराव दिसत होते, दगड पोटाशी धरून चाकाशेजारी भराभर चालणारे. वळण आलं की मी हाक मारायचो, दगड पडायचा, मी खाली उतरून पान्यानं नट सोडायचो, काळपट तेल उडायचं. पुन्हा बसायचं. सुरुवातीला शंकरराव काहीबाही बोलत होते. “मिस्त्री, गुळगुळीत चाललीय की!” तीन-चार वळणांनंतर नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता.

अर्धा घाट उतरल्यावर एका उलट्या वळणावर खालून ट्रक आला. त्याला वाट द्यायला मी ब्रेक दाबला. लागला. सोडला, पुन्हा दाबला, आणि पाय तळाला टेकला. खाली काहीच नव्हतं.

“दगड!”

हँडब्रेक ओढला. मागची चाकं तापलेली, त्यानं नुसती कुरकुर केली. ज्ञानूच्या बाजूचा दगड चाकाखाली आला आणि गोटीसारखा बाजूला उडाला. गाडीनं चाल धरली. डावीकडं डोंगर, उजवीकडं कठडा, कठड्यापलीकडं आकाश. मी चाक डावीकडं पिळलं, पण त्या गाडीचं नाक एवढं लांब की ते वळेपर्यंत शेपूट आपल्या मर्जीनं जातं. आरशात मला शंकरराव पळताना दिसले. मग दिसेनासे झाले. ते खाली बसले होते.

मागचं चाक कशावर तरी चढलं, थबकलं, थरथरलं. पुढचा बंपर डोंगराच्या चरीत घुसला आणि गाडी उभी राहिली.

मी उतरून मागं धावलो. शंकरराव रस्त्यावर गुडघे टेकून बसलेले. तिकोनी दगड चाकाखाली पक्का बसला होता. तो त्यांनी फेकला नव्हता, दोन्ही हातांनी चाकापुढं धरून ठेवला होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक चेचलं होतं, रक्त मनगटापर्यंत आलं होतं.

“सोडायचा होता दगड!” मी ओरडलो. मालक-बिलक काही आठवलं नाही. “हात का ठेवला?”

“ज्ञानूचा उडालेला बघितला,” ते म्हणाले. “म्हनून धरला.” मग विचारलं, “गाडीला लागलं का?”

“गाडीच्या आईला लागू द्या!” हे ज्ञानू बोलला. आयुष्यात तो मालकाला पहिल्यांदाच असं बोलला असेल. त्यानं गाडीतून फेटा आणला. माझ्याकडं फडकी होती, पण सगळी तेलकट. फेट्याचं टोक फाडून मी बोट बांधलं. ट्रकवाला पाणी घेऊन आला. शंकररावांनी आधी मला प्यायला दिलं, त्याच तांब्यानं मग स्वतः प्याले. आमच्या गावात त्या काळी हे तितकंसं साधं नव्हतं, म्हणून लिहिलं.

उरलेला घाट आम्ही असाच उतरलो. एका हातात दगड धरता येईना, तर शंकररावांनी तो पंच्यात बांधून गळ्यात अडकवला. खाली सपाटीला लागलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. मुहूर्त केव्हाच टळला होता.

महाडला मांडवाच्या दाराशी पोचलो तो पंगत बसलेली. वसंता आणि सून ताटावर होती. शंकरराव दारातच थांबले. धुळीनं पांढरे झालेले, फाटका फेटा, गळ्यात दगड. मुलाच्या लग्नाच्या अक्षता त्यांनी टाकल्या नव्हत्या, आणि हे त्यांना तिथं उभं राहिल्यावर कळलं असावं. काकी उठून आल्या. बोटाकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं.

“पोचवली का सवतीला?” त्या म्हणाल्या. मग पदरात राखून ठेवलेल्या मूठभर अक्षता त्यांनी शंकररावांच्या डाव्या हातात दिल्या. शंकरराव पंगतीतून वाट काढत गेले आणि जेवणाऱ्या पोरांच्या डोक्यावर त्या टाकल्या. वसंताच्या वरणातही काही पडल्या.

मी जेवलो नाही. हमरस्त्यावरच्या दुकानात चाकांची रबरं मिळाली, ट्रकच्या मापाची, घासून बसणारी. सगळ्या नळ्या स्पिरिटनं धुतल्या. पण मुख्य पंपाचं रबर काही मिळालं नाही. फुगलेलंच काढून, सुकवून, पॉलिश पेपरनं उतरवून परत बसवलं. मांडवामागच्या आंब्याखाली हे चाललेलं असताना शंकरराव शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

पाठवणीची वेळ झाली. व्याही हात जोडून उभे. सुनेचं नाव लग्नात लक्ष्मी ठेवलेलं. ती हिरव्या शालूत, डोळे पुसत दाराशी आली. शंकररावांनी मला विचारलं, “मिस्त्री, चढंल का?”

“चढेल.”

“मग?”

“चढावरसुद्धा थांबावं लागतं, मालक. तुमच्या सुनेला मी या गाडीत घाटात बसवणार नाही.”

सकाळी त्यांनी याच गोष्टीवर पॅडल दाबून दाखवलं होतं. आता त्यांनी फक्त बांधलेल्या बोटाकडं पाहिलं. मग विचारलं, “सपाटीला?”

“सपाटीला चालेल. पायी चालीनं.”

“एसटी स्टँडपतोर सपाटीच हाय.”

तेवढंच ठरलं. लक्ष्मी आणि वसंता मागच्या गादीवर बसले, मी स्टिअरिंगवर. मांडवापासून एसटी स्टँडपर्यंत ती काळी गाडी वाजंत्रीमागून सरकत गेली आणि मागच्या चाकाशेजारून नवऱ्यामुलाचे वडील चालले, तो दगड काखेत धरून. मी म्हटलं होतं, इथं गरज नाही. ते म्हणाले, “असू द्या.”

व्याह्यांकडची एक म्हातारी बराच वेळ बघत होती. शेवटी तिनं सोनाआत्यांना हळूच विचारलं, “तुमच्या घाटावर वरातीत दगड धरायची रीत आहे काय?”

आत्या काही बोलायच्या आत शंकरराव वळून म्हणाले, “व्हय. मोठ्या गाडीची रीत हाय ती.”

सून एसटीनं भोरला आली. गाडी मागाहून दोन दिवसांनी, मुंबईहून रबर आणवून. त्या एका डबाभर तेलापायी झालेल्या दुरुस्तीला जो खर्च आला त्यात त्या वर्षी गिरणीला नवा पट्टा आला असता. पुढं दोनेक वर्षांत शंकररावांनी गाडी विकून टाकली. जाताना ती माझ्याच शेडसमोरून गेली आणि तिच्या दाराचा आवाज तेव्हाही फार छान होता.

धाकट्या मुलाच्या लग्नाला त्यांनी पुण्याहून टॅक्सी ठरवली. नवीकोरी, ब्रेक मी स्वतः तपासलेले, एकही दोष नाही. लग्न शेजारच्या गावचं, वाटेत एक चढ नाही की उतार नाही. नवरी गाडीत बसली, टॅक्सीवाल्यानं इंजिन सुरू केलं, आणि सोनाआत्या पुढं येऊन उभ्या राहिल्या.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “दगड कुटं हाय?”

कुणी हसलं नाही. लक्ष्मी आत जाऊन, घरून पिशवीत घालून आणलेला तो तिकोनी दगड घेऊन आली. त्याला हळद-कुंकू लावलेलं होतं. शंकररावांनी तो काखेत धरला आणि चाकाशेजारी, आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.